क्लेओफासरावांचे काळे सार

ज्याने कंठात सूर ठेवला आणि त्याच कंठाखाली भूकही ठेवली, ज्याने सिंहाला गर्जना दिली आणि ती गर्जना आपलीच आहे असे समजण्याची मोकळीक बेडकालाही दिली, त्या जगन्नियंत्याला प्रथम वंदन. जिच्या सावळ्या गालावर तलवारीचे व्रण आहेत आणि तरीही जी आल्यागेल्याला पोटाशी धरते, त्या उजळ टेकडीवरच्या कुमारी माउलीला दुसरे वंदन. माते, आज थट्टा करायची आहे ती तुझ्याच एका लेकराची. जिभेला धार दे. पण ती धार पाव कापण्यापुरतीच असू दे, बोट कापण्याइतकी नको.

वॉर्सा शहरात, विस्ला नदीकडे उतरत जाणाऱ्या तामका गल्लीत, क्लेओफास द्रोगोशेव्स्की नावाचे गृहस्थ राहत. मोठ्या रंगगृहाच्या वृंदात ते खर्जात गात. त्यांच्या मिशा भल्या मोठ्या होत्या, आणि मिशांच्या मानाने बाकीचे सगळे बेताचे होते. खोल्या दोन, खिडकी एक, आणि भिंतीवर एक खुंटी. त्या खुंटीला पूर्वी घराण्याची तलवार टांगलेली असे, म्हणतात. तलवार आजोबांच्या काळातच गेली. कुठे गेली ते सांगायला आजोबाही राहिले नाहीत. राहिली ती खुंटी. क्लेओफासराव आल्यागेल्याला ती खुंटी दाखवत, आणि पाहणाऱ्याने जरा वेळ मान लववून उभे राहावे अशी त्यांची अपेक्षा असे.

त्यांचे मूळ गाव द्रोगोशे, पोदलासीच्या दलदलीच्या मुलखातले. गावात जितकी घरे तितकी सरदार घराणी, जितकी घराणी तितकी मानचिन्हे, आणि सगळ्या गावाला मिळून बैल मात्र थोडे. नांगर धरतानाही पुरुषाच्या कमरेला तलवार असायची. लोखंडाची परवडली नाही तर लाकडाची, आणि लाकूडही चुलीत गेले असेल तर नुसता पट्टा. अशा त्या गावातून क्लेओफासराव पोटासाठी शहरात आले, आणि देवाने दिलेला खोल आवाज त्यांनी वृंदात नेऊन ठेवला. कधी शिपाई, कधी कोळी, कधी नरकातले भूत. भूत होऊन गाताना त्यांना फार वाईट वाटे. भुताला घराणे नसते.

मग आली ती संगीतिका. ‘गढीवरची सोयरीक’ असे तिचे नाव, आणि हसवणे हा तिचा धर्म. खेड्यातला एक खानदानी सरदार, त्याची देखणी मुलगी, लढाईवरून परतलेला तिचा गरीब प्रियकर, आणि तिला मागणी घालायला शहरातून आलेला, शेपटीच्या कोटातला, परक्या भाषेत शिंकणारा एक पाहुणा. जेवणाच्या प्रसंगी या पाहुण्यापुढे काळे सार ठेवले जाते. बदकाच्या रक्ताचे ते सार मागणी घालणाऱ्याच्या पुढ्यात आले, की त्याने चमचा खाली ठेवायचा, टोपी उचलायची आणि घोडे जुंपायला सांगायचे. कोणी नाही म्हणायचे नाही, कोणी आवाज चढवायचा नाही. नकार जो जायचा तो वाडग्यातून जायचा.

तो वाडगा ठेवायचा मान मिळाला क्लेओफासरावांना. मुलीचे मामा म्हणून उघड्या बाह्यांचा अंगरखा घालायचा, जरीचा कमरपट्टा बांधायचा, ठाण मांडल्यासारखी पावले टाकत जायचे, आतून काळा रंगवलेला रिकामा वाडगा पाहुण्यापुढे ठेवायचा, मिशीला पीळ द्यायचा आणि खर्जात एकच ओळ गायची: “घ्या पाहुणे, गरम आहे तोवर.”

एवढेच. पण त्या ओळीवर रंगगृह कोसळत असे.

देश परक्या साम्राज्याच्या ताब्यात होता, आणि त्याविरुद्धचा उठाव मोडून फार वर्षे झाली नव्हती. तो जुना देशी अंगरखा रस्त्यात घातला तर शिपाई धरून नेत. रंगमंचावर घातला तर तिकीट लागे. खेळाची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने सारा खेळ चाळला, पण सारात राजद्रोह सापडेना, म्हणून परवानगी मिळाली. लोकांना मात्र तो शेपटीच्या कोटातला पाहुणा कोण, हे सांगावे लागले नाही. ज्यांना दिवसभर कचेरीत कंबर दुखेपर्यंत वाकावे लागे, ते संध्याकाळी ताठ बसत, एका रिकाम्या वाडग्याने सगळे साम्राज्य घराबाहेर काढत, डोळे पुसत घरी जात आणि शांत झोपत. सकाळी साम्राज्य जागच्या जागी असे. पण झोप चांगली झालेली असे.

आता माणसाला रोज कोणी उचलून धरले, तर आपले पाय जमिनीला लागत नाहीत हे त्याला फार दिवस खटकत नाही. क्लेओफासरावांना तर मुळीच खटकले नाही. ते घरी बटाटे मागतानाही खर्जात मागू लागले. वृंदातले त्यांचे सोबती ग्वालबेर्त, किडकिडीत अंगाचे आणि तिखट जिभेचे, त्यांना ‘जहागीरदार’ म्हणू लागले.

“काय जहागीरदार, यंदा जहागिरीत पीक काय?” ग्वालबेर्त विचारत.

“थट्टा करा. रक्त बोलतं, ग्वालबेर्त. लोक टाळ्या देतात त्या रक्ताला.”

“मग वाडगा रिकामा कशाला नेता? दोन थेंब घाला की त्यात.”

क्लेओफासरावांची एकुलती मुलगी सालोमेया. ती घरी बसून कॉलर शिवत असे. पूर्वी एक शिंपी तिला मागणी घालून गेला, नंतर एक घड्याळजी. दोघांनाही क्लेओफासरावांनी खुंटीसमोर उभे करून त्यांच्या पणजोबांचे मानचिन्ह विचारले, आणि दोघेही जिना उतरून गेले ते परत आले नाहीत. मग तिसरा आला. कोपऱ्यावरच्या भट्टीतला पाववाला, वालेंती कुब्याक. सरहद्दीपलीकडचा, पोझनानकडचा, अंगाने दांडगा, बोलण्यात हळू, भुवयांत कायमचे पीठ. गावाकडे त्याच्या काकांची भट्टी त्याच्या हाती येणार होती, आणि संत मिखाएलच्या सणाच्या आत त्याला परत जायचे होते. जाताना सालोमेया बरोबर हवी होती. सालोमेयालाही तेच हवे होते, आणि तिने ते वडिलांना एका वाक्यात सांगितले.

“बाबा, या वेळी मी रडणार नाही की बोलणार नाही. पण हा गेला तर चौथा कोणी जिना चढणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.”

क्लेओफासरावांनी ध्यानात ठेवले ते दुसरेच. कुब्याक. ना पुढे काही, ना मागे काही. असे नाव पाटीवर शोभते, पत्रिकेवर नाही. त्यांनी मिशीला पीळ दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन पत्नीला आज्ञा केली.

“अगं पेत्रोनेला, रविवारी त्या पाववाल्याला जेवायला बोलाव. आणि बदक आण. रक्तासकट.”

पेत्रोनेलाबाई कांदा चिरत होत्या. त्यांची सुरी थांबली. “अहो, ‘नाही’ म्हणायला बदक कापायचं? तोंडानं म्हणा की. दोन अक्षरं आहेत.”

“तोंडानं नाही म्हणणं हे बाजारातलं काम. द्रोगोशेव्स्कींचा नकार वाडग्यातून जातो. पूर्वापार.”

“पोरीचा जीव आहे त्याच्यात.”

“पोरीच्या अंगात आमचं रक्त आहे.”

“माझं पण आहे थोडं,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी हात पुसले आणि क्षणभर नवऱ्याकडे पाहिले. “सुकी नासपती घालू का सारात?”

“सगळं घाल. नकार असला तरी घराण्याचा आहे.”

“लवंगा? शेवया?”

“लवंगा, शेवया, काय असेल ते. तोंडात पाणी सुटलं पाहिजे आणि घशाखाली उतरता कामा नये.”

“बरं,” बाई म्हणाल्या, आणि पुन्हा कांद्याकडे वळल्या. वाद घालणारी बाई एकाएकी ‘बरं’ म्हणते, तेव्हा शहाणा पुरुष टोपी घालून बाहेर पडतो आणि झाले काय याचा विचार करतो. क्लेओफासराव आरशासमोर गेले आणि मिशीला मेण लावू लागले.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून सगळे जमले. क्लेओफासरावांनी ग्वालबेर्तनाही बोलावले होते. कारण उघड होते: प्रेक्षक नसला तर प्रसंग उभा राहत नाही. वालेंती धुतलेला सदरा घालून आला. हातात वेणी घातलेला मोठा पाव, अजून कोमट. त्याने दारातच टोपी काढली, इकडेतिकडे पाहिले, आणि भिंतीवर एक रिकामी खुंटी दिसली, तिच्यावर ती टोपी अडकवली.

क्लेओफासरावांच्या छातीत कळ आली. ग्वालबेर्तनी छताकडे पाहिले.

“बसा, बसा,” पेत्रोनेलाबाई म्हणाल्या. “पाव काय सुंदर फुललाय.”

“लोणी जरा जास्त घातलं, बाई.” वालेंती खुर्चीच्या काठावर बसला आणि यजमानांकडे वळला. “साहेब, तुमचा तो खेळ बघायची फार इच्छा आहे. सगळी गल्ली बघून आली. रोज पाव घेताना लोक सांगतात, वा, काय उभे राहतात. पण मी संध्याकाळी झोपतो आणि सगळे झोपले की कणीक मळायला उठतो. पीठ काही थांबत नाही.”

“म्हणजे बघितलाच नाही?” क्लेओफासरावांना ते लागले. अवघ्या वॉर्सात हाच एक करंटा उरला होता म्हणायचा. यापुढचा विचार मात्र त्यांना सुचला नाही. तो सुचला ग्वालबेर्तना. त्यांनी काही सांगायला तोंड उघडले, एकवार वालेंतीकडे पाहिले, एकवार जहागीरदारांकडे पाहिले, आणि पोट धरून हसता यावे म्हणून तोंड मिटून घेतले.

इतरांपुढे बीटचे तांबडे सार आले. मग पेत्रोनेलाबाईंनी आतून खोल वाडगा आणला. क्लेओफासराव उठले. त्यांनी तो पत्नीच्या हातून घेतला आणि ती ठाण मांडलेली पावले टाकत, टेबलाला एक अनावश्यक वळसा घालून, वालेंतीपुढे आले. या वेळी वाडगा भरलेला होता आणि हात भाजत होता, ही अडचण त्यांना रंगगृहात कधी आली नव्हती. तरी त्यांनी तो डौलाने ठेवला, मिशीला पीळ दिला आणि खर्ज लावला.

“घ्या पाहुणे, गरम आहे तोवर.”

टाळ्यांची जागा आली आणि रिकामी गेली. सालोमेयाने डोळे मांडीतल्या हातांवर खिळवले. वालेंती वाडग्याकडे पाहत राहिला. काळेभोर सार, वर नासपतीची फाक, शेवयांचे वेटोळे, लवंगेचा आणि सिरक्याचा वास. त्याचे डोळे भरून आले. लागले, क्लेओफासरावांच्या मनात आले, बरोबर वर्मी लागले. आता उठेल.

वालेंतीने चमचा उचलला. एक घोट घेतला. डोळे मिटले. आणि ओठातल्या ओठात म्हणाला, “आई.”

“काय रे?” पेत्रोनेलाबाईंनी ओ दिली.

सालोमेयाची मान वर झाली.

“नाही, बाई, माझी आई आठवली.” वालेंती भराभरा खाऊ लागला होता. “आमच्याकडे रविवारी काळं सार नसलं तर देवळातून आल्यासारखंच वाटत नाही. नासपती पण घातलीत तुम्ही. इथे आल्यापासून एकदाही कोणी केलं नाही हो. विचारलं तर लोक हसायचे, का कोणास ठाऊक.” त्याने चमचा चाटला, उठला, यजमानांचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर ओठ टेकले. “साहेब, मी मागणी घालायला आलो होतो. रस्ताभर शब्द जुळवत आलो, ते जिन्यातच विसरलो. तुम्ही विचारायच्या आधीच मुलासारखं वाढलंत.”

ग्वालबेर्तच्या नाकात तांबडे सार गेले. ते रुमालात तोंड घालून थरथरत राहिले.

क्लेओफासरावांचा हात वालेंतीच्या हातांत होता. दोन अक्षरे, बाजारातली का होईना, पण दोनच. त्यांनी तोंड उघडले. पेत्रोनेलाबाई पळी घेऊन उभ्या होत्या. वाडगा रिकामा झाला होता.

“वाढू का?” त्यांनी विचारले. वालेंतीला नाही, नवऱ्याला.

सालोमेया वडिलांकडे पाहत होती. बोलणार नाही म्हणाली होती, आणि बोलत नव्हती.

तेवढ्यात तो वास मिशांच्या आडून वर चढला. लवंग, सिरका, नासपती. आणि सजणारी, नटणारी, गाणारी सगळी संगीतिका बाजूला सरून क्लेओफासरावांपुढे द्रोगोशे गाव उभे राहिले. मातीची जमीन, धुरकट स्वयंपाकघर, आणि डोक्याला रुमाल बांधलेली आई बोटाने वाडग्याची कड पुसून ते बोट त्यांच्या तोंडात घालते आहे. वर्षातून एकदा बदक, वर्षातून एकदा काळे सार, आणि सख्ख्या भावंडांची शेवयांवरून हाणामारी. त्या गावात कोणाला नकार म्हणून बदक वाया घालवणारे घर नव्हते. कोणी मागणी घालायला आला तर त्याच्या बापाला आधी बैल आहे का ते विचारत, आणि असला तर सारी आळी आनंदाने रडत असे. काळ्या वाडग्यातून जाणारा तो खानदानी नकार क्लेओफासरावांना पूर्वजांनी शिकवला नव्हता. तो त्यांना रंगगृहात तालमीच्या वेळी शिकवला होता. आणि पूर्वजांच्या खुंटीवर तो त्यांनी स्वतः नेऊन टांगला होता.

काय ही नरदेहाची गंमत. माणूस सोंग घेतो पोटासाठी, मग सोंग माणसाला घेते, आणि शेवटी पोटच त्याला सोडवते.

क्लेओफासराव खुर्चीत बसले. त्यांच्याजवळ दुसरे शब्द नव्हते. जन्मभरात त्यांच्या वाट्याला एकच ओळ आली होती, तीही दुसऱ्याने लिहिलेली. तीच त्यांनी म्हटली. या वेळी खर्ज लागला नाही.

“घ्या पाहुणे. गरम आहे तोवर.”

पेत्रोनेलाबाईंनी पळीभर वाढले, मग आणखी पळीभर. क्लेओफासरावांनी आपल्या पुढ्यातले तांबडे सार दूर सारले आणि रिकामी ताटली पुढे केली.

“मला पण.”

“तुम्हाला?” बाई म्हणाल्या. “अहो, तुम्हाला कोणी नकार दिलाय?”

“गपचूप वाढ.”

ते खाऊ लागले, आणि मिशा सारात बुडाल्या. मेण लावलेल्या त्या टोकदार मिशा खाली लोंबल्या त्या लोंबल्याच. मग पुढचे कितीतरी दिवस त्यांना पहिल्यासारखा पीळ बसला नाही. सालोमेया उठून आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला, आणि त्यात रडण्याचा होता की हसण्याचा, ते वालेंतीला समजले असावे, कारण तो पहिल्यांदाच मोठ्याने हसला.

पाहुणे गेल्यावर क्लेओफासराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“तुला ठाऊक होतं? त्यांच्याकडे हे असं खातात ते?”

“पावाच्या दुकानात रोज मी जाते,” पेत्रोनेलाबाई वाडगा घासत म्हणाल्या. “तुम्ही नुसता पाव खाता.”

पुढच्या खेळाला जेवणाचा प्रसंग आला. क्लेओफासराव अंगरखा सावरत निघाले, रिकामा वाडगा त्यांनी पाहुण्यापुढे ठेवला, आणि पाहतात तो काय, टेबलाभोवती बसलेल्या वृंदातल्या यच्चयावत सरदारांनी आपापल्या कमरपट्ट्यातून एकेक चमचा काढलेला. ग्वालबेर्तनी तर गळ्याला रुमालही बांधला होता. शेपटीच्या कोटातल्या गायकाने मान न वळवता विचारले, “मामा, यात नासपती नाही का?”

क्लेओफासरावांनी ओळ गायली. पण हाकलून देण्याची ती ओळ त्यांच्या तोंडून अशी काही मायेने निघाली, की तो नाकारलेला पाहुणा उठायचे विसरला आणि वाद्यवृंदाला ते स्वर पुन्हा वाजवावे लागले. वरच्या सज्जातले लोक गोंधळले, मग हसले, मग चमच्यांमध्येच काही गुप्त खूण असणार असे ठरवून दुप्पट टाळ्या देऊ लागले. दुसऱ्या दिवशी तपासणी अधिकाऱ्याकडून विचारणा आली: चमच्यांचा अर्थ काय. साम्राज्य सारातून सुटले होते, ते चमच्यांत अडकले.

वृंदप्रमुखांनी क्लेओफासरावांना आत बोलावून झापले. “अहो, त्याला घालवायचं आहे, जेवायला थांबवायचं नाही.”

“होय,” क्लेओफासराव म्हणाले. “पण वाईट वाटतं हो. दमून आलेला असतो.”

संत मिखाएलच्या सणाच्या आत नदीकाठच्या चर्चमध्ये लग्न लागले. दारात वधूवरांना पाव आणि मीठ देऊन घरात घ्यायचे, तो मान वधूपित्याचा. आणि पाव नवऱ्यामुलानेच भाजलेला. क्लेओफासरावांनी तो दोन्ही हातांत धरला. तो गरम होता, वजनदार होता, खरा होता. रंगगृहातल्या सगळ्या वाडग्यांहून जड होता. ते एकही ओळ गायले नाहीत. वरात गाडीत बसली, गाडी सरहद्दीच्या रस्त्याला लागली, आणि द्रोगोशेव्स्कींच्या मुलीचे नाव कुब्याक झाले. आकाश पडले नाही. पोदलासीच्या दलदलीतले सारे पूर्वज आपापल्या जागी शांत राहिले. त्यांना वाटले असेल, जावयाकडे भट्टी आहे, म्हणजे पोरगी उबेला गेली.

पुढे पोझनानहून एक गाठोडे आले. त्यात सुक्या नासपतींची लांबच लांब माळ होती. पेत्रोनेलाबाईंनी इकडेतिकडे पाहिले आणि ती खुंटीवर अडकवली. आता क्लेओफासराव आल्यागेल्याला तीच खुंटी दाखवतात. लोक मान लववत नाहीत. मान वर करून वास घेतात.

हे दीनदयाळा, ज्याने क्लेओफासांना मिशी दिली आणि योग्य वेळी ती सारात बुडवली, तुझी थट्टा आमच्या थट्टेहून किती कोवळी. त्यांचा खर्ज अखेरपर्यंत खोल ठेव, आणि त्यात ती रविवारची माया राहू दे. पेत्रोनेलाबाईंचे ‘बरं’ सदा सुफळ होवो. सालोमेयाच्या घरी पीठ फुगत राहो, लेकरे शेवयांवरून भांडत राहोत, वालेंतीच्या भुवयांतले पीठ कधी न झडो. तामका गल्लीतल्या त्या दोन खोल्यांवर सावळ्या माउलीची दृष्टी राहो, आणि त्या घराच्या जिन्यावरून वर चढणाऱ्या प्रत्येकाला वाडगा भरलेला मिळो, गरम मिळो, आणि त्याचा अर्थ फक्त जेवण असा असो.